बुरोंडी : नाव, माती आणि पत

दापोलीहून नैर्ऋत्येकडे निघालेला रस्ता जांभ्या दगडाच्या सड्यावरून, आमरायांच्या गडग्यांना लगटून आणि काजूच्या बनांतून वळणे घेत समुद्राकडे उतरतो. दहा-बारा किलोमीटरचे हे अंतर सरत आले की खारा वारा जाणवू लागतो आणि बुरोंडी गाव दृष्टीस पडते. उत्तरेला लाडघर आणि तेथील तांबूस पाण्याचे तामसतीर्थ, दक्षिणेला कोळथरे आणि त्याही पलीकडे वाशिष्ठीच्या मुखावरचे दाभोळ. या दोहोंच्या मध्ये हे लहानसे बंदराचे गाव वसले आहे. किनाऱ्यावर मचवे, चढावर कौलारू घरे, घरांमागे नारळी-पोफळी आणि त्यांच्या वर हापूसची कलमे, अशी या गावाची उभी रचना आहे.

गावाजवळच्या टेकडीवर ‘परशुरामभूमी’ हे स्थान उभारलेले आहे. अर्ध्या पृथ्वीगोलाच्या आकाराचा घुमट आणि त्यावर भगवान परशुरामांची भव्य मूर्ती. परशुरामांनी बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकणची भूमी निर्माण केली, ही कथा या किनाऱ्यावर प्रत्येकाला ठाऊक असते. कथा स्थानिक भूमीची आणि मूर्तीच्या पायाखाली मात्र अवघी पृथ्वी, हा योग बुरोंडीला विशेष शोभतो. कारण या किनाऱ्याचा इतिहास म्हणजे एका चिंचोळ्या भूमीने दूरच्या जगाशी केलेल्या देवघेवीचा इतिहास आहे.

जागतिकीकरणाने गावांचे गावपण पुसले जाते, असे आज सर्वत्र म्हटले जाते. या विधानात तथ्य आहे, परंतु ते अपुरे आहे. बुरोंडी परिसराकडे पाहिले असता ध्यानात येते की, बाहेरची वस्तू आली म्हणून येथील संस्कृती कधी नष्ट झाली नाही. धोका दुसरीकडेच आहे. वस्तूचे नाव एकीकडे आणि तिची माती दुसरीकडे, अशी फारकत जेथे होते तेथे गावाची हानी होते. आणि ही फारकत घडते बाजारात. म्हणूनच व्यापारी कुळांनी हा विषय आपला मानून समजून घेण्यासारखा आहे.

समुद्राने आणलेले वैभव

दाभोळ हे बहमनी काळातील पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. अरबस्तान आणि इराणच्या बंदरांशी त्याचा व्यापार चाले आणि तेथून घोडे दख्खनमध्ये येत. पंधराव्या शतकात रशियातील त्वेर नगरीचा व्यापारी अफनासी निकितिन हिंदुस्थानात आला, त्याने दाभोळचे वर्णन करून ठेवले आहे आणि मायदेशी परतताना तो याच बंदरातून जहाजावर चढला. पुढे पोर्तुगीज आले. 1508 च्या अखेरीस फ्रान्सिस्को द आल्मेदा याने दाभोळवर हल्ला करून ते जाळले. समुद्रमार्गे आलेली प्रत्येक गोष्ट शुभच होती असे नाही, हे या किनाऱ्याने असे फार लवकर अनुभवले.

तथापि ज्यांनी बंदरे जाळली, त्यांच्याच जहाजांतून दक्षिण अमेरिकेतील रोपेही आली. काजू हे मूळचे ब्राझीलचे झाड. त्याचे नावही तेथील आदिवासींच्या भाषेतून पोर्तुगीजांच्या मुखी आले आणि त्यांच्याकडून मराठीत रुळले. अननस, पपई, मिरची यांचाही प्रवास असाच. जिन्नसांबरोबर शब्दही उतरले. चावी, पगार, बादली, घमेले हे शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आले आहेत. ज्या घरांत बटाटा वर्ज्य आहे, त्या घरांतील तिजोरीलाही पोर्तुगीज ‘चावी’ लागते आणि मुनीमजींना पोर्तुगीज ‘पगार’च दिला जातो. कोणालाही ते शब्द आज परके वाटत नाहीत.

या सर्वांत बोलके उदाहरण हापूसचे आहे. आंबा हा आपल्या देशाचाच वृक्ष; परंतु उत्तम झाडाची फांदी दुसऱ्या रोपावर बांधून हुबेहूब तेच फळ मिळवण्याची कलमाची विद्या गोव्यात पोर्तुगीज धर्मगुरूंनी रुजवली. आफोन्सो द आल्बुकर्क या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या नावावरून या जातीला नाव मिळाले आणि ‘आफोन्सो’चा ‘हापूस’ झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु परक्या नावाचे हे कलम कोकणच्या जांभ्या मातीत, समुद्राच्या दमट वाऱ्यात आणि येथील माळ्यांच्या हाताखाली वाढले, तेव्हाच त्याला आजचा रंग, गंध आणि स्वाद प्राप्त झाला.

1972 मध्ये दापोलीत कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली आणि या परंपरेला शास्त्राची जोड मिळाली. आंब्याची कोय रुजत घालून, तांबूस कोवळ्या रोपावरच फांदीची काडी बांधण्याची कोय कलमाची पद्धत कोकणात सर्वत्र पसरली, तीत या विद्यापीठाचा वाटा मोठा आहे. हापूस आणि नीलम यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात विकसित झाली. फळ देठासह अलगद उतरवणारा ‘नूतन झेला’ही विद्यापीठाने बागायतदारांच्या हाती दिला. परक्या विद्येला आपल्या श्रमाने आणि अभ्यासाने आपलेसे करावे, ही या भूमीची रीत होय. येथे ‘स्थानिक’ म्हणजे बाहेरचे काहीच नसलेले, असा अर्थ नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांखालून जे गेले ते स्थानिक.

माणसांची ये-जा

वस्तू आल्या तशी माणसे गेली. 1850 नंतरच्या दशकांत मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या आणि रत्नागिरी जिल्ह्यातील हजारो हात तिकडे वळले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात इंग्लंडला तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला अपूर्व भाव आला. त्या तेजीचे नायक होते जैन समाजाचे विख्यात व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद. युद्ध संपताच 1865 मध्ये बाजार कोसळला आणि मुंबईतील कितीएक पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद शेठही त्यातून सुटले नाहीत; परंतु त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर आजही मुंबईत उभा आहे. हजारो कोसांवरील युद्धाने एका शहराचे नशीब फिरते, आणि त्या शहराच्या मनिऑर्डरीवर चूल पेटवणाऱ्या कोकणातील खेड्यांचेही फिरते, हा धडा दीडशे वर्षांपूर्वीचा आहे.

पूर्वी चाकरमानी आगबोटीने हर्णै किंवा दाभोळला उतरत. आगबोटी बंद पडल्या, एस. टी. आली, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि दापोलीकरांना खेडचे स्थानक जवळचे झाले. मुंबईपाठोपाठ आखाती देश आले. आज या किनारपट्टीवर अनेक घरांचे चिरेबंदी जोते नवे आहे, रंग ताजा आहे आणि दाराला मात्र कुलूप आहे. गणपतीला आणि शिमग्याला ते कुलूप निघते. मुसलमान मोहल्ल्यांत ईदेला निघते. परदेशातील कमाईने घर बांधले, पण त्या घरात दिवा लावण्यास माणूस ठेवला नाही.

ही पोकळी कोणी भरून काढली? नेपाळमधून आलेल्या गड्यांनी. कोकणच्या आमराया राखण्यास, फवारणीस आणि काढणीस आज मोठ्या संख्येने नेपाळी कामगार येतात. मच्छीमार नौकांवर नेपाळी खलाशी दिसतात. कोकणचा तरुण दुबईला कारकुनी करतो आणि हिमालयाच्या कुशीतला तरुण कोकणात हापूसची राखण करतो. झाडाला पाणी कोणी घातले याचा झाडाला भेद नसतो. परंतु कोणत्या झाडाचे फळ कधी उतरवावे, कोणत्या फांदीवर मोहोर उशिरा येतो, कोणत्या कलमाच्या फळात साका धरतो, हे घरातले ज्ञान वडिलांकडून मुलाकडे जाण्याचा मार्ग मात्र खंडित होतो. ही हानी कोणत्याही हिशेबाच्या वहीत चढत नाही.

पर्यटनाने काही कुलपे पुन्हा उघडली, हेही नमूद केले पाहिजे. लाडघर ते कोळथरे या पट्ट्यात घरगुती निवास-न्याहरीची सोय झाली. त्यातून गावातील स्त्रियांच्या हाती पैसा आला आणि काही तरुण गावी थांबले. मात्र पाहुण्याची आवड यजमानाचे स्वयंपाकघर बदलते. समुद्राकाठच्या फलकांवर पंजाबी आणि चायनीजसोबत ‘जैन जेवण मिळेल’ हेही लिहिलेले आढळते. जैन प्रवाशाला त्याचे समाधान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तेथे त्याच्या ताटात येते ते बहुधा पनीर. वास्तविक कुळथाचे पिठले, ओल्या काजूगरांची उसळ, तांदळाचे घावन, लसूण वगळलेली सोलकढी, उकडीचे मोदक, हे याच मातीचे पदार्थ श्रावकाच्या ताटाला सहज चालणारे आहेत. कोणी मागत नाही म्हणून ते रांधले जात नाहीत, आणि रांधले जात नाहीत म्हणून पुढच्या सुनेला ते येत नाहीत. मासेमारीवर जगणाऱ्या या गावाशी अहिंसाधर्मी प्रवाशाचे आचारात अंतर राहणारच. तरी ज्या घरी उतरावे त्याच्या चुलीचा मान राखणे, हेही अनेकान्ताचेच आचरण होय.

नावाची किंमत

जगाच्या बाजारात नावाला किंमत येते, आणि किंमत आली की नाव मातीपासून सुटते. याचे ठळक उदाहरण दक्षिणेला जवळच आहे. 1990 नंतरच्या दशकात ‘दाभोळ’ हे नाव पुन्हा एकदा जगभर गाजले, ते अमेरिकेतील एन्रॉन कंपनीच्या वीज प्रकल्पामुळे. तो प्रकल्प मुळात दाभोळात नव्हताच. तो खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेल परिसरात उभा राहिला. 1999 मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली, 2001 मध्ये दराच्या वादात ती थांबली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मूळ कंपनीने अमेरिकेत दिवाळे काढले. ज्या गावाचे नाव वादात सापडले, त्या गावाचा प्रकल्पाशी संबंध केवळ नावापुरता होता.

हापूसच्या बाबतीत हे अधिक सूक्ष्मपणे घडते. 2007 मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्यासाठी दार पुन्हा उघडले, पण फळावर किरणोत्सर्गाची प्रक्रिया करण्याची अट घातली. त्यासाठी कोकणचा आंबा नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या केंद्रात जाऊ लागला. 2014 च्या मे महिन्यात युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंब्यावर बंदी घातली. हंगाम ऐन भरात होता. परदेशी जाणाऱ्या मालाची वाट अडली, भाव ढासळले. पुढील वर्षी बंदी उठली. परंतु ब्रुसेल्समधील एका निर्णयाने कोकणातील घरचे गणित बदलते, हे बागायतदारांना कळून चुकले.

दुसरे आव्हान अनपेक्षित दिशेने आले. आफ्रिकेतील मलावी या देशात कोकणातून नेलेल्या काड्यांपासून हापूसच्या बागा उभ्या राहिल्या. तेथील ऋतू आपल्याहून उलट असल्याने तो आंबा नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या बाजारात येऊ लागला आहे. कधीकाळी बाहेरून आलेले नाव येथे रुजले, आणि आता येथील काडी दूरदेशी रुजून त्याच नावाने परत येते. यात अन्याय म्हणावा असे काही नाही. मलावीचा आंबा मलावीचा म्हणून विकला गेला तर तो सरळ व्यापार आहे. अन्याय होतो तो खोट्या चिठ्ठीने. कर्नाटकातील आंबा रत्नागिरीच्या नावाच्या पेटीत भरून विकला जातो, ही बागायतदारांची तक्रार जुनी आहे. कर्नाटकातील फळही शेतकऱ्याच्या घामाचेच असते, त्यालाही स्वतःचे नाव मिळण्याचा हक्क आहे. खोट्या पेटीत दोघेही नागवले जातात. एकाचे नाव चोरले जाते, दुसऱ्याचे पुसले जाते.

यावर उपाय म्हणून भौगोलिक मानांकनाचा कायदा आला. 1995 मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली, तिच्या करारानुसार भारताने 1999 मध्ये हा कायदा संमत केला आणि 2003 पासून तो लागू झाला. 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील आंब्याला ‘हापूस’ म्हणून मानांकन मिळाले. ज्या जागतिक व्यवस्थेने गावाला बाजाराच्या तोंडी दिले, तिनेच गावाच्या नावाला कायद्याचे कुंपणही दिले. मात्र कुंपण आपोआप राखण करीत नाही. प्रत्येक बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, पेटीवर खूण करावी लागते, आणि मुख्य म्हणजे विकत घेणाऱ्याने ती खूण विचारावी लागते.

नावामागे काय असते, हे 3 जून 2020 रोजी दिसले. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी कोकण किनाऱ्यावर आदळले. दापोली आणि मंडणगड तालुक्यांत एका दुपारीत माडपोफळी मोडल्या, वडीलधाऱ्यांनी लावलेली कलमे मुळासकट उपटली गेली. आंब्याचे कलम भरात येण्यास वर्षे लागतात. जे झाड आजोबांनी लावले त्याची जागा नातवाच्या उमेदीत भरून निघते. बाजारात त्याची उणीव जाणवली नाही, कारण बाजाराला दुसरीकडून माल मिळतो. गावाला दुसरी माती मिळत नाही.

श्रावकाची मर्यादा

जैन परंपरेने व्यापाराला कधी तुच्छ लेखले नाही आणि तो निरंकुशही सोडला नाही. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा सर्वपरिचित आहे. वाणिज्यग्रामच्या या गृहस्थाने भगवान महावीरांच्या समोर व्रते घेताना धनाची, गोधनाची, गाड्यांची आणि जहाजांचीही मर्यादा बांधली. दूरच्या सफरींसाठी चार जहाजे आणि स्थानिक वाहतुकीसाठी चार. म्हणजे त्या काळीही श्रावकाची जहाजे परदेशी जात. प्रश्न जहाजाचा नव्हता, संख्येचा होता.

दिग्व्रताचा आशयही हाच आहे. कोणत्या दिशेला किती दूर जायचे हे स्वतः ठरवावे. लोभाने ते क्षेत्र वाढवणे आणि ठरवलेली मर्यादा विसरणे, हे दोन्ही त्या व्रताचे अतिचार मानले आहेत. आजच्या व्यवहारात क्षेत्रवृद्धी हा पराक्रम समजला जातो. व्यापार वाढू नये असे धर्म सांगत नाही. वाढताना मर्यादेची आठवण सुटू नये, एवढेच सांगतो.

बुरोंडीच्या संदर्भात तर तत्त्वार्थसूत्र अधिक नेमके बोलते. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे खोटी मापे, आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या नावाने नक्कल विकणे, यांची गणना आहे. भौगोलिक मानांकनाचा कायदा जे आज सांगतो, ते आचार्यांनी शतकानुशतकांपूर्वी चोरीच्या प्रकरणात नोंदवून ठेवले. पेटीवर खोटे नाव छापणे ही केवळ गिऱ्हाइकाची फसवणूक नाही. ती एका गावाच्या पिढीजात कमाईची चोरी आहे.

काळाचीही मर्यादा आहे. अनेक जैन घरांत आर्द्रा नक्षत्र लागले की आंबा बंद होतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर, पाऊस स्थिरावला की फळात जीवोत्पत्ती होते म्हणून ते त्याज्य ठरते. कोकणच्या बागायतदाराचा हंगामही त्याच सुमारास संपलेला असतो. त्याचे ज्ञान आणि श्रावकाचा आचार येथे एकमेकांना मिळतात. बारमाही मिळणाऱ्या फळाने जिभेची सोय होते. वाट पाहण्यातील गोडी आणि थांबण्यातील संयम मात्र हरवतो.

नवपद ओळीत श्रीपाल राजाचा रास वाचला जातो. त्यातील धवल शेठ लोभापायी श्रीपालाला भर समुद्रात ढकलतो आणि श्रीपाल नवपदांच्या ध्यानाने तरून कोकणच्या किनाऱ्याला, ठाण्याला लागतो. ठाण्याचे श्री मुनिसुव्रत स्वामींचे मंदिर ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून पूजले जाते ते या संबंधामुळेच. समुद्र एकच, जहाजेही तीच. एकाची व्यापारयात्रा अधोगतीला गेली, दुसऱ्याची कल्याणाला. फरक हेतूत होता.

जैन व्यापाऱ्याची प्रतिष्ठा देशोदेशी टिकली ती त्याच्या पतीवर. हुंडीवर नाव असे आणि त्या नावावर लाखोंचा व्यवहार होई. गावाचे नाव हीदेखील एक हुंडीच आहे. बुरोंडीसारख्या गावांनी ती घामाने, कलमांनी आणि अनेक वादळे सोसून लिहिली आहे. ती खोटी ठरवू नये, एवढे व्यापाऱ्याच्या हाती आहे. आडत्याने मूळ गावाचे नाव बिलावर लिहावे, दुकानदाराने कर्नाटकाचा आंबा कर्नाटकाचा म्हणून आणि मलावीचा मलावीचा म्हणून विकावा, फळ कार्बाइडने पिकवलेले घेऊ नये, गृहिणीने पेटीवरची खूण पाहावी. आणि सुट्टीत कोकणात उतरणाऱ्या कुटुंबाने यजमान माउलीकडे कुळथाचे पिठले आवर्जून मागावे. तिला ते येते, आणि मागणी आली तर ते ती आपल्या सुनेलाही शिकवील.